घर उजव्या हाताला

प्रा. दिगंबरराव सेलूकर सरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी मला जवळजवळ जायबंदी करता करता. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी नसावी, हे मला कळतं. पण समितीतल्या मुलांनी (मुलं म्हणायचं, त्यांचेही केस पिकलेत) "बाई, पहिल्या भेटीपासून लिहा" असं बजावलं आहे, आणि पहिली भेट तशीच झाली, त्याला माझा इलाज नाही.

मी इथल्या कन्याशाळेत खेळाची बाई होते. थाळीफेक हा माझा प्रांत. गंगाखेडातल्या कितीतरी मुली माझ्या माघारी मला 'थाळीबाई' म्हणत मोठ्या झाल्या, आणि मला ते माहीत नाही अशी त्यांची समजूत आहे. निवृत्त झाल्यावर पाय मोकळे करायला मी सकाळी गावाबाहेरच्या माळावर जायला लागले. एका सकाळी कानाजवळून काहीतरी भणभणत गेलं, बाभळीच्या खोडावर आपटलं आणि माझ्या पायाशी पडलं. उचलून पाहते तर प्लास्टिकची ताटली. नारिंगी रंगाची, कडेला जाड, हाताला चांगलीच जड. मी आवाज चढवला, "कोण आहे रे तिकडं? डोळे फुटले का?"

झुडपाआडून कानटोपी घातलेले एक गृहस्थ धापा टाकत आले. पाहते तर महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे सेलूकर सर. गावात त्यांना ओळखत नाही असं कोणी नव्हतं, पण माझा त्यांच्याशी बोलण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. हात जोडून म्हणाले, "माफ करा बाई. ती तुमच्याकडे यायची नव्हती. ती घराकडे जायला पाहिजे होती."

त्यांच्या पत्नी विमलताई नुकत्याच गेल्या होत्या. माझ्या मनात आलं, दुःखानं डोक्यावर परिणाम झाला बिचाऱ्यांच्या. ताटली म्हणजे काय गाय आहे, वेळ झाली की घराकडे जायला? ताटली त्यांच्या हातात दिली आणि "सांभाळून" एवढंच म्हणून निघाले.

त्या सरांना आता पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी सत्कार योजला आहे, हा ग्रंथ निघतो आहे, आणि सत्कार आटोपला की सर आपल्या चिरंजीवांकडे, प्रसादकडे, अमेरिकेला जायचे आहेत. कायमचे. समितीनं मला सांगितलं, "बाई, प्रसंग आनंदाचा आहे, निरोपाचा सूर नको." बरं. सरांच्या अध्यापनावर, त्यांनी उभ्या केलेल्या प्रयोगशाळेवर, त्यांच्या शिस्तीवर इतर मान्यवर लिहितीलच. माझ्या वाट्याला 'सरांचा छंद' आला आहे. पण ज्या माळावर इतकी वर्षं आम्ही दोघंच होतो, तिथे आता एकच माणूस उरणार आहे आणि तो माणूस मी आहे. हे बाजूला ठेवून छंदावर कसं लिहायचं ते मला येत नाही. मी लिहिते, समितीला जे खोडायचं ते त्यांनी खोडावं.

छंद काय ते आधी सांगते. तिकडे परदेशात याला डिस्क गोल्फ म्हणतात. काठी आणि चेंडूऐवजी तबकडी, आणि जमिनीतल्या खड्ड्याऐवजी खांबावर साखळ्या लावलेली टोपली. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. प्रसाद शिकायला तिकडे गेला तेव्हा हा नाद लागला त्याला. आईच्या शेवटच्या दुखण्यात तो आला तो तबकड्यांची पिशवी खांद्याला लावूनच. दवाखान्यातून घरी आणल्यावर नुसतं बसून राहायचे ते दिवस होते. त्या दिवसांत त्यानं गावातल्या बाबूमिस्त्रीकडून मोटारसायकलच्या जुन्या चेनी लावून टोपली करून घेतली आणि घराशेजारच्या माळावर रोवली. पुढे विमलताई गेल्या, प्रसाद परत गेला, पिशवी दाराआडच्या खुंटीला तशीच राहिली. सर एकदा मला म्हणाले, "घरात इतकं शांत झालं होतं बाई, की वाटायचं आता ही पिशवीच काहीतरी बोलेल." एक दिवस ती खांद्याला लावून ते बाहेर पडले.

आता एक गोष्ट गौरवग्रंथातसुद्धा लपवू नये. सर खेळाडू नव्हेत. त्यांच्या फेकीत जोर नाही, पाय चुकतात, आणि फेकल्यावर ते तोल जाऊन दोन पावलं पुढे धावतात. पण तबकडी अशी का गेली, याचा खुलासा त्यांच्यापाशी कायम तयार. मला उलट. हातात जोर होता, नजर होती, पण ताटली मनासारखी का जात नाही हे काही केल्या उमगत नव्हतं. पुन्हा दोनचारदा माळावर गाठ पडली, बोलणं झालं, आणि एका सकाळी मी म्हणाले, "आणा इकडं, बघू."

मी थाळीसारखी फेकली. ती वर गेली आणि तशीच उलटून पलीकडच्या काट्यात पडली. सर हसले नाहीत. म्हणाले, "बाई, पत्ते वाटता येतात का?"

"आमच्या घरी पत्त्याला हात लावला तर वडील हात मोडायचे."

"मग पंगतीत पाहुण्यांपुढं ताट कसं सरकवता?"

"माझ्याकडं पाहुणे येत नाहीत सर."

मग "माझ्याकडेही येत नाहीत," असं म्हणून त्यांनी तबकडी छातीशी आडवी धरली आणि हात सरळ मोकळा करून कशी सोडायची ते दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज जायला लागले.

माळाची रचना सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फेकायला उभं राहायचं ते एका सपाट खडकावर. समोर टोपली. उजव्या हाताला माळाच्या कडेला सरांचं घर. डाव्या हाताला ओढा, आणि ओढ्यापलीकडे आमची वसाहत, जिथे मी राहते. मधे सगळा मुरूम, खडे आणि बाभळी.

सरांचा पहिला धडा भोवऱ्याचा होता. "तबकडी म्हणजे हवेत आडवा तरंगणारा भोवरा," ते म्हणायचे. फिरत्या भोवऱ्याला समोरून ढकललं तर तो मागे पडत नाही, बाजूला कलतो. तबकडीचंही तसंच. वेग असतो तोवर हवा तिला एका बाजूला कलवायला बघते, आणि वेग मेला की ती दुसऱ्या बाजूला वळते. सर फेकायचे तेव्हा ती आधी थोडी डावीकडे झुकायची आणि शेवटी शेवटी उजवीकडे, म्हणजे त्यांच्या घराकडे, वळायची. जी तबकडी वेगात असतानाही डावीकडे झुकत नाही आणि शेवटी नेमानं घराकडे ओढ घेते, तिला सरांनी नाव दिलं होतं 'घरओढी'. पहिल्या दिवशी ते मला जे म्हणाले होते त्याचा उलगडा तेव्हा झाला. त्यांच्या डोक्याला काही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या जातीला नाव दिलं ते मारोतीनं. माळाला लागून मारोतीचं वावर आहे, आणि त्याच्या शेळ्या माळावर असतात. सुरुवातीला तो आमच्याकडे टक लावून बघायचा. "सर, तुमी दोघं सकाळच्या पारी ताटल्या फेकायलात, गावात लोक हसायलेत," असंही एकदा त्यानं ऐकवलं. सर म्हणाले, "हसू द्या, त्यांचीही तब्येत सुधारेल." मी मात्र त्या दिवशी मान ताठ करून गावातून गेले. तर हा मारोती बसल्या बसल्या एक पातळ, चपटी तबकडी डावीकडे भरकटून जाताना, आणि परत न वळताना, बघत होता. म्हणाला, "ही वढाळ हाय सर. आमच्या कवड्या शेळीवानी." कळप सोडून जाणाऱ्या जनावराला आपण वढाळ म्हणतो. सरांना तो शब्द इतका आवडला की त्यांनी परदेशी पुस्तकातला शब्द टाकूनच दिला. तेव्हापासून आमच्या माळावर तबकड्या दोनच जातींच्या, घरओढी आणि वढाळ.

तबकडी कुठल्या जातीची, हे बरंचसं कडेवरून कळतं. कडेची धार ज्या रेघेवर असते ती रेघ जितकी वर, तितकी घराची ओढ जास्त. रेघ खाली, तर तबकडी वढाळ. पाठ फुगीर असेल तर हवेत जास्त वेळ राहते, चपटी असेल तर लवकर खाली येते. कड रुंद आणि धारदार असेल ती लांब जाते, पण तिला हातात जोर लागतो, नाहीतर ती तिरसटपणा करते. टोपलीजवळ टाकायला बोथट कडेची, जाड, गरीब स्वभावाची तबकडी बरी. हे सगळं सर मला बोट फिरवून दाखवायचे. मीही डोळे मिटून बोट फिरवून सांगायला शिकले.

पण साचा एक असला तरी माती वेगळी असली की भांडं वेगळं होतं, तसं प्लास्टिकचं आहे. प्रसादच्या पिशवीत एकाच साच्याच्या तबकड्या वेगवेगळ्या प्लास्टिकच्या होत्या. एक साधं प्लास्टिक, हाताला खरबरीत, पकडायला फार छान. पण आमच्या मुरमावर दोनचारदा आपटलं की कडेला ओरखडे, खवले, पापुद्रे. दुसरं काचेसारखं आरपार दिसणारं, चिवट. दगडावर आपटा, बाभळीवर आपटा, तसंच राहतं, फक्त थंडीत घाम नसलेल्या हातातून निसटतं. तिसरं रबरासारखं मऊ. वैशाखात तर ते उन्हात राहिलं की ओल्या पापडासारखं वाकायचं आणि सोडताना हातातच लचकायचं. म्हणून सर उन्हाळ्यात पिशवीवर ओलं गोणपाट टाकायचे. येणारे जाणारे विचारायचे, "आत काय, कलिंगड?" सर म्हणायचे, "हो." मी म्हणायचे, "सर, खोटं कशाला?" तर म्हणायचे, "बाई, खरं सांगायला बसलो तर ऊन वर येईल."

साध्या प्लास्टिकची गंमत अशी की ते मुरतं. लोणचं मुरतं तसं. कोरी असताना हट्टी, घरओढी. पण दगडं खाऊन खाऊन कडेची धार झिजते, रेघ खाली येते, आणि तीच तबकडी हळूहळू मवाळ होते, सरळ जायला लागते. आणखी झिजली की वढाळ होते. चिवट प्लास्टिकला हेच व्हायला कितीतरी वर्षं लागतात. सर म्हणायचे, "यात वाईट काही नाही. प्रत्येक वयाची तबकडी कुठल्यातरी फेकीला उपयोगी पडते." झिजलेली एकही त्यांनी फेकून दिली नाही.

आता आमचं भांडण. माझा हात जरा बसल्यावर सरांनी पिशवीतली सगळ्यात घरओढी तबकडी मला दिली. म्हणाले, "कशीही फेका बाई, शेवटी माझ्या अंगणात येणार." मी फेकली. ती गेली ती डावीकडे वळून ओढ्यात. पुन्हा फेकली, पुन्हा ओढ्यात. सर म्हणाले, "मनगट वाकडं होतंय." मी म्हणाले, "मी मनगटावर आयुष्य काढलंय, तुमचं शास्त्र वाकडं आहे." आठवडाभर हेच. ते रोज काहीतरी नवीन कारण घेऊन यायचे, आणि मी रोज साडी खोचून ओढ्यात उतरायची. शेवटी बोलणंच बंद झालं. मी यायची, ते यायचे, फेकायचो, आपापल्या वाटेनं जायचो. बेजार झाले मी त्या दिवसांत. घरी बोलायला कोणी नव्हतं, आणि आता माळावरही नव्हतं.

मग दत्तजयंतीचा दुसरा दिवस आला. सरांनी शेजारून आलेला दत्ताचा प्रसाद माझ्यासाठी आणला होता. उजव्या हातानं तो माझ्या हातावर ठेवला, आणि लगेच वळून डाव्या हातानं तबकडी फेकली. मी हात बघण्यात नोकरी केलेली बाई. ते डाव्यानं फेकतात हे पहिल्या दिवसापासून बघत होते, पण त्याचा माझ्या ताटलीशी काय संबंध, हे डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी नुसतं अबोला मोडायचा म्हणून मी म्हणाले, "प्रसाद उजव्या हातानं आणि ताटली डाव्यानं?"

"आईनं मारून मारून उजव्या हातानं जेवायला शिकवलं," सर म्हणाले. "देणंघेणं, देवाचं, सगळं उजव्यानं. बाकी मी डावखुराच." आणि बोलता बोलता थांबले. दुसरी तबकडी हातात तशीच. मग खडकावर खाली बसले आणि पोट धरून हसायला लागले. मला वाटलं, झालं, आता खरंच परिणाम झाला.

"अहो बाई, तुमच्या हातातून भोवरा उलटा फिरतो."

झालं होतं ते असं. तबकडीबद्दल त्यांनी जे वाचलं, पाहिलं, ते सगळं उजव्या हाताच्या लोकांनी सांगितलेलं. सरांनी स्वतःसाठी सगळीकडे डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं करून घेतलं, आणि पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की मला शिकवताना परत उलटं करायचं राहूनच गेलं. उजव्या हातानं मी घरओढी फेकली तर ती डावीकडेच वळणार. माझं मनगटही सरळ होतं आणि त्यांचं शास्त्रही.

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचं घर कुठं, बाई?"

मी ओढ्यापलीकडे बोट केलं.

"मग बरोबरच आहे की," सर म्हणाले. "ती घराकडेच जात होती. तुमच्या."

त्या वसाहतीत मी आईबरोबर राहत होते. लग्न केलं नाही, शाळा एके शाळा केली. आई अंथरुणाला खिळलेली, तिला माणसं ओळखू येत नव्हती. ते घर मला कधी ओढ घेण्यासारखं वाटलं नव्हतं. एक ताटली का होईना, तिकडे ओढ घेते हे ऐकून बरं वाटलं. पुढे आम्ही मुद्दाम एकच तबकडी आळीपाळीनं फेकायचो. त्यांच्या हातातून ती उजवीकडे जायची, माझ्या हातातून डावीकडे. आणि ऊन वर आलं की आम्हीही तसेच निघायचो.

सरांच्या मोठेपणाचे प्रसंग सांगावेत असा या लेखांचा रिवाज आहे. सरांनी माझ्या माहितीत कोणाला मोठी देणगी दिली नाही, कोणाचा जीव वाचवला नाही. पण मारोतीच्या कवड्या शेळीनं एकदा आमची साध्या प्लास्टिकची तबकडी कडेला चावून खाल्ली. चिवट प्लास्टिकची शेजारीच पडली होती, तिला तोंड लावलं नाही. एवढी पारख तिलाही. मारोती ओशाळून म्हणाला, "सर, माझ्या शेळीनं तुमची ताटली खाल्ली हो. लय वढाळ हाय ती." सरांनी तबकडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "तिच्या पोटात दुखेल का हो?" हेच त्यांनी आधी विचारलं, आणि नंतर ती चांगली उड्या मारेपर्यंत रोज सकाळी आधी मारोतीच्या वावरात जाऊन तिची चौकशी करून मगच खडकावर यायचे. चावलेली तबकडी नंतर त्यांनी फेकून पाहिली. ती हवेत लंगडत जायची आणि अगदी शेवटी घराकडे वळायची. सरांची ती सगळ्यात लाडकी झाली.

दुसरा प्रसंग माझ्या घरचा आहे. आई गेली. दिवस होईपर्यंत घरात माणसं होती, नंतर कोणी नव्हतं. घरात बोलायला कोणी नसलं की माणूस भांड्यांशी बोलतो. मी बोलते. सर सांत्वनाला आले नाहीत. बाईमाणूस एकटी राहते त्या घरी जाऊ नये असं मानणाऱ्या पिढीतले ते. पण दिवस झाल्याच्या दुसऱ्या सकाळी फोन वाजला. पलीकडून सर एवढंच म्हणाले, "बाई, वारा पडलाय." आणि फोन ठेवला.

वारा पडलेला असला की तबकडी जशी आहे तशीच वागते. तोंडावरचा वारा असेल तर गरीब तबकडीही वढाळ होते. म्हणून वारा पडणं ही आम्हा लोकांना चांगली बातमी. मी चप्पल घातली आणि गेले. त्यानंतर आजतागायत रोज सकाळी तो फोन येतो. एकदा मी माळावर पोचले तर धूळ उडत होती, पदर सावरता सावरत नव्हता. मी म्हणाले, "सर, हा पडलेला वारा?" ते म्हणाले, "तुम्ही आलात ना."

आता जे राहिलं ते. प्रसाद परत येईल, असं सर कितीतरी वर्षं म्हणत होते. मी टोचून बोलायची, "तुमचा लेक वढाळ निघाला." त्यांना राग यायचा नाही. म्हणायचे, "नाही बाई, घरओढाच आहे तो. पण अजून वेगात आहे. वेग असेपर्यंत ओढ दिसत नाही." मी मान हलवायची. शास्त्र म्हणून ते बरोबर होतं, आणि बाप म्हणूनही त्यांना तेवढंच म्हणता येत होतं.

मागच्या महिन्यात सकाळी ते खडकावर बसून राहिले, फेकलं नाही. म्हणाले, "प्रसादनं कागदपत्रं केलीत. सत्कार झाला की जायचं."

मला राग आला. ज्यांच्याशी रोज बोलते त्यांचाच मला राग येतो, माझा स्वभाव तसा आहे. म्हणाले, "आणि तो वळणार होता त्याचं काय झालं?"

सर घराकडे बघत होते. विमलताईंची तुळस अजून अंगणात आहे. म्हणाले, "वेग त्याचा नाही मेला बाई. माझा मेलाय. वळायचं मला आहे. घर आता तिकडं आहे."

राहा, असं मला म्हणायचं होतं. सोपा शब्द आहे. शाळेत मी मुलींना मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात हाका मारल्या, पण त्या दिवशी ती दोन अक्षरं काही तोंडातून निघाली नाहीत. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला आपल्या लेकाकडे जाऊ नका, असं मी कोणत्या नात्यानं सांगणार? मी आपलं खेळातलंच विचारलं, "तिकडं फेकायला जागा आहे का?"

"आहे म्हणतो. मोठं मैदान आहे. भरपूर टोपल्या."

"आणि घर कोणत्या हाताला?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. प्रत्येक गोष्टीचा खुलासा तयार असणारे सर. म्हणाले, "ते मी विचारलं नाही."

पिशवी त्यांनी मला दिली. "तुमच्या हातून सगळ्या उलट वागतील, पण तुम्हाला सवय आहे," म्हणाले. स्वतःसाठी फक्त शेळीनं चावलेली ठेवली. टोपलीच्या चेनींना पावसाळ्यात ग्रीस लावत जा, एवढं सांगितलं. मी लावीन.

समितीच्या मुलांनो, शुभेच्छा शेवटी द्यायच्या असतात, त्या देते. सर, आपल्याला खूप आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, आणि तिकडे आपल्याला असं मैदान मिळो जिथे घर उजव्या हाताला असेल. तिथेही सकाळी वारा पडो. इकडची काळजी करू नका. फोन येणार नाही, पण मी वेळेवर जाईन, तेवढी शिस्त मी मुलींना शिकवली आहे. आणखी एक आपल्याला सांगायचं राहिलं. ज्या दिवशी आपण जायचं सांगितलंत, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, आपण घरी गेल्यावर, मी डाव्या हातानं फेकायला शिकते आहे. उजव्यानंच, पण छातीशी न धरता अंगाच्या बाहेरच्या बाजूनं फेकली तरी ती उजवीकडे वळते असं आपण सांगितलं होतं, पण माझं कोपर ते ऐकत नाही. डावा हात अजून अडाणी आहे. तबकडी जवळच पडते, मारोती हसतो, म्हणतो, "बाई, तुमी आता ह्या हातानं कामून फेकायलात?" मी त्याला काही सांगत नाही. पण परवा एक बरी गेली. आधी थोडी डावीकडे झुकली, मग वेग मेला, आणि हळूच उजवीकडे वळून आपल्या फाटकाशी जाऊन पडली. शंभर वर्षं जगा सर. आपण नसताना त्या घराकडे रोज काहीतरी वळत राहील, एवढं मी बघते.